बाबांना सांगितलेला कोल्हा

नळाचं पाणी गार लागलं की समजायचं, कतारमध्ये थंडी आली. उन्हाळाभर इथल्या गच्च्यांवरच्या टाक्या अशा तापतात की आंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून निववावं लागतं. गार पाण्याचा नळच अंग भाजतो, मग गरम पाण्याच्या नळाला विचारतो कोण? आणि एका सकाळी दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या खोलीच्या न्हाणीतून बाळ्या केकाटतो, "आयला, गार हाय की रं पाणी!" बाळ्या कराडचा, हमद पोर्टवर वेल्डर आहे, आणि थंडी आल्याची बातमी दरवर्षी मला त्याच्याकडूनच कळते. मग मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जातो. खाली गल्लीतले एसी बंद झालेले असतात, त्यामुळं इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच शेजारच्या कॅफेटेरियातल्या माणसांचं बोलणं वर ऐकू येतं.

मी एसीचा मेकॅनिक. म्हणजे उन्हाळ्यात देव आणि हिवाळ्यात 'कोण तो?' जूनमध्ये लोक फोनवर रडायचे तेवढे बाकी असतात. "दत्ताभाई, प्लीज, यल्ला, बच्चे सो नहीं रहे." डिसेंबरात तीच मंडळी जिन्यात भेटली तर मोबाईलमध्ये डोकं घालून निघून जातात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाऊस थांबला की छत्री आपणही कुठंतरी विसरून येतोच.

यंदा थंडी लागली तेव्हा मी अल वक्राला एका नाशिकच्या कुटुंबाकडं सकाळी सकाळी सर्व्हिसिंगला गेलो होतो. त्यांच्या बिल्डिंगच्या मागं अजून मोकळे प्लॉट आहेत, मुरूम आणि राडारोडा. शिडीवर चढलो आणि बघतो तर त्या राडारोड्यावर एक कोल्हा उभा. वाळूच्याच रंगाचा, अंगानं किडकिडीत, कान मात्र हे एवढाले. त्यांचा मुलगा शाळेच्या गणवेशात खिडकीशी आला. "अंकल, इज इट अ डॉग?" मी म्हटलं, "कुत्रा न्हाई बाळा, कोल्हा हाय, कोल्हा." त्याला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही. तो "वॉव" म्हणाला आणि खिडकीला नाक लावून उभा राहिला. आणि माझ्या लक्षात आलं की माझे ओठ आपोआप हलतायत. कान पुढं, शेपूट खाली, तोंड उजवीकडं. कुणी विचारलेलं नसताना मी तो कोल्हा सांगायला लागलो होतो. ही सवय मला एका हिवाळ्यानं लावली.

तर तो हिवाळा.

ज्याच्या कंपनीत मी काम करतो त्या राशिदच्या घरचा तळ दर हिवाळ्यात दुखानकडच्या माळावर पडतो. इथले लोक थंडीची वाट आपल्याकडं पाहुण्याची बघावी तशी बघतात. उन्हाळाभर काचेआड कोंडलेली माणसं डिसेंबर आला रे आला की तंबू, गालिचे, पाण्याची टाकी, कॉफीची भांडी, सगळा संसार उचलून वाळवंटात जातात. शहरातलं काम मंदावलं की राशिद मला तिथं धाडायचा. जनरेटर, पंप आणि दिवे बघायचे, झालंच तर रात्री गारठा वाढला की हीटर. आणि तिथं असायचे बाबा, म्हणजे राशिदचे वडील. घरातली आणि कामावरची सगळीच माणसं त्यांना बाबा म्हणायची, तसा मीही.

बाबांचं हिंदी जुन्या मुंबईचं होतं. त्यांचे वडील खजुराच्या व्यापाराला मुंबईत यायचे, आणि बाबाही लहानपणी त्यांच्याबरोबर येऊन राहिलेले. "अरे भाई, क्या बात करता है" हे ते अगदी ठसक्यात म्हणायचे. त्यात अरबी मिसळायचं, आणि मी गडबडलो की माझं मराठीही. पुढचं सगळं मी मराठीतच लिहितो, कारण मला ते आता मराठीतच आठवतं.

माझं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. तिथं थंडी म्हणजे शाळू. कणीस दाण्यात भरलं की पाखरं उतरणार, आणि मग माळ्यावर चढून, गोफण घेऊन, दिवस मावळेपर्यंत राखण. अंगावर घोंगडं, खाली हिरवागार दरवळ, दुपारी कुणीतरी हुरडा भाजायला घेतला की धुराची एक रेघ. माझी शाळेतली हजेरी थंडीत नेहमी कमी भरली ती यापायी. पार ओढ्यापलीकडं थवा उठला तर इकडं आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर अर्धं वावर साफ. त्या राखणीनं दुसरं काही दिलं नाही, नजर तेवढी दिली. बाळ्या माझ्यापेक्षा लहान, पण मोबाईल हातभर लांब धरून वाचतो. मी अजून समोरच्या मिनारावरचं कबूतर नर की मादी ते सांगतो. बाळ्या म्हणतो मी फेकतो. म्हणू दे.

एका सकाळी मी तळावर जनरेटरचा फिल्टर झटकत होतो. बाबा आणि राशिद आपली ससाणा मादी उडवून तिला आभाळात शोधत होते, दोघांच्याही डोळ्यांना दुर्बिणी. मी आपलं सहज म्हटलं, "ती काय, त्या पांढऱ्या ढगाच्या खालच्या कडेला. आता फिरली." राशिदला ती सापडायला चांगला वेळ लागला. बाबांनी मात्र दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडं बघितलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. खरं तर त्यांनी माझा आवाज आला त्या बाजूला फक्त तोंड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गाडी येते चालवायला? मग जनरेटर राहू दे. माझ्याबरोबर चल." तळ दिसेनासा झाल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"दत्ता, समोर काय आहे?"

"माळ आहे, बाबा."

"माळ आहे हे मलाही माहीत आहे. त्यावर काय आहे?"

मी सांगायला लागलो. डावीकडं दोन बाभळी, एक वाकडी. लांब उंटांची रांग, त्यात एक पांढरं. टेकाडाच्या पोटाला सावली. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मला आता मधलं दिसत नाही. जिथं बघावं तिथंच डाग येतो. कडेकडेचं थोडं दिसतं, त्यावर चालतं-फिरतं. राशिदला माहीत नाही. सांगू नकोस."

का सांगायचं नाही, तेही मला लगेच कळलं. राशिदनं त्यांना आधीच बजावून ठेवलेलं होतं, की ज्या दिवशी तुम्हाला आभाळातला पक्षी दिसेनासा होईल त्या दिवशी गैमा माझ्या हातावर येईल. गैमा म्हणजे ढग. त्या ससाणा मादीचं ते नाव. राशिदचं काही चुकत नव्हतं. शिकार धरल्यावर ससाणा लांब कुठंतरी जमिनीवर बसून खातो, आणि हवेतला हा राजा जमिनीवर अगदीच लंगडा. मालक वेळेत पोचला नाही, अंधार झाला, तर कोल्हा त्याचा फडशा पाडतो. पण बाबांचंही मला कळत होतं. बायको गेलेली, घर नातवंडांचं, धंदा मुलाचा. गैमा त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्या उशाशी झोपायची. "हाताला एवढंच एक ओझं उरलंय," असं ते म्हणायचे आणि डावा हात जरा वर करून दाखवायचे.

आणि काय ओझं होतं ते! मी कोंबड्या, कबुतरं, पोपट, घारी सगळं बघत वाढलेला माणूस, पण गैमाची चामड्याची टोपी निघाली आणि तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं तेव्हा मी चक्क एक पाऊल मागं सरकलो. तिच्या बघण्यात राग नव्हता, भीती नव्हती, ओळख तर मुळीच नव्हती. मी तिथं आहे एवढंच तिनं बघून घेतलं. छातीवरच्या पिसांत पहिल्या पावसाआधीच्या मातीचा रंग, नख्या हातमोज्यात रुतलेल्या, आणि वारा सुटला की अंग जरा पुढं झुकवून उभी. बाबा टोपीची वादी दातांनी ओढून सैल करायचे, हात उंचवायचे, आणि हात हलका व्हायचा. तेवढाच क्षण त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायचा.

मग माझं काम सुरू. आमची दोघांची एक पद्धत बसली. दिशा गाडीच्या हिशेबानं सांगायची: बॉनेटच्या नाकासमोर, तुमच्या आरशाच्या बाजूला, मागच्या चाकाकडं. उंची सांगायला मला काही सुचेना, तेव्हा तोंडातून गेलं, "कासराभर वर आहे." गावाकडं सूर्य किती वर आलाय ते आम्ही असंच सांगतो. कासरा म्हणजे बैलाचा लगाम, हे मी त्यांना हातवारे करून समजावलं. तो शब्द त्यांना इतका आवडला की नंतर माझ्याआधी तेच विचारायचे, "किती? कासराभर?" एखाद्या दिवशी ती उंच गेली की मी म्हणायचो, "दोन कासरे, बाबा." ते मान वर करून, डोळे मिटून हसायचे. दुसऱ्यासाठी बघायला लागल्यावर मला समजलं की स्वतःपुरतं बघताना मी किती सोडून देत होतो. वाळूवरचे ठसे, दगडाखालची ओल, वाऱ्यानं झुडपाची कुठली बाजू झडलीय, हे सगळं मला सांगावं लागायचं, म्हणून दिसायचं.

आम्ही जायचो सशांसाठी, पण मध्ये यायचे कोल्हे. पहिला आला तो एका झुडपातून. ठशांवरून मी छातीठोक सांगितलं होतं की आत ससा आहे. बाबांनी टोपी सैल केली, मी झुडपावर खडा मारला, आणि आतून हे लांबड्या कानांचं ध्यान बाहेर आलं, आमच्याकडं बघून एक जांभई दिली आणि रमतगमत निघालं. मी ओरडलो, "कोल्हा!" आणि हात आपोआप जोडले गेले. आमच्याकडच्या हिशेबानं ते खरं खोकड. कोल्हा वेगळा, दांडगा. पण एकदा तोंडातून निघालं आणि बाबांनी तोच शब्द उचलला, मग काय करता.

"हे काय केलंस? हात का जोडलेस?" कडेकडेनं त्यांना तेवढं दिसलं होतं.

मी सांगितलं की आमच्याकडं कुणाचं नशीब फळफळलं की विचारतात, सकाळी कोल्ह्याचं तोंड बघितलं होतंस काय? बाबा म्हणाले, "वा! आणि तो ज्याला खायला निघालाय, त्या सशाचं नशीब कुणाचं तोंड बघून ठरतं?" त्या दिवशी आम्हाला ससा मिळाला नाहीच. परतताना म्हणाले, "तुझा शकुन आमच्या पोटावर आला रे दत्ता."

दुसऱ्यानं तर माझी चप्पलच पळवली. सकाळी तंबूबाहेर आलो तर उजव्या पायाची गायब. वाळूत नाजूक पावलांची एक सरळ ओळ, जणू कुणी दोरा धरून टाके घातलेत, आणि ती ओळ थेट पाण्याच्या टाकीमागं. तिथं माझी चप्पल, पट्टा चावून सपाट. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तो दिसला. पलीकडच्या उंचवट्यावर बसून माझा तमाशा बघत होता. उगवतीचं ऊन त्याच्या कानांच्या आरपार येत होतं आणि कानांतल्या शिरा लाल दिसत होत्या. शिव्या घशातच राहिल्या. इथं नदी नाही, शेत नाही, वर्षातून कधीतरी चार शिंतोडे, आणि हा एवढासा जीव जून-जुलैतही इथंच असतो. एसीशिवाय! मी एक चप्पल घालून किती वेळ तिथं उभा होतो कुणास ठाऊक. मंदाला, म्हणजे बायकोला, फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कोल्ह्यानं चप्पल नेली म्हणं! नवी घ्यायची आसंल तर सरळ सांगा की." तिला कसं सांगणार? तिथं उभं राहून बघावं लागतं.

तिसरा कोल्हा सीझनच्या शेवटी भेटला. फेब्रुवारी सरत आला होता, दुपारी अंग चटचटायला लागलं होतं. थोड्याच दिवसांत तळ उठणार होता आणि गैमा पिसं झाडायला एसीच्या खोलीत जाणार होती. राशिदही त्या दिवशी आमच्याबरोबर आला होता, आपल्या वेगळ्या गाडीतून. गैमाच्या शेपटीला बारकासा ट्रान्समीटर असायचा, आणि त्याचा रिसीव्हर त्याच्याकडं. तो माळाच्या पलीकडच्या अंगाला सशांचा माग काढत गेला आणि आमच्यापुढं अचानक ससा उठला.

बाबांनी हात उंचावला. गैमा वर गेलीच नाही, जमिनीला लागूनच सुटली. मी सांगत होतो, "नाकासमोर. जवळ आली. ससा वळला, उजवीकडं. तीही वळली. खडकाच्या कडेकडं चाललेत..." आणि माझं बोलणं तुटलं. लांब एक बुटकी खडकांची रांग होती, त्या रांगेपलीकडं ससा गेला, त्यामागं गैमा गेली, आणि मग काहीच नाही.

"काय दिसतंय?"

"काही नाही, बाबा."

"काही नाही म्हणजे काय?"

"वर आली नाही. पलीकडंच आहे."

"दिवस किती राहिला?"

"कासराभर."

मी गाडी अशी हाणली की आतली कॉफीची भांडी दाणदाण आपटली. फोनला रेंज नाही. बाबांनी रिकामा हात मांडीवर तसाच वाकवून धरलेला. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय चाललंय. पक्षी हरवला तर तो हातचा जाणारच, पण मिळाला आणि तो राशिदला आधी मिळाला, तरी सगळं उघड होणार. खडकापाशी गाडी थांबली, पुढं चढ होता. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही चढलो. माथ्यावर पोचण्याआधी मी त्यांना खाली बसवलं आणि डोकं तेवढं वर काढलं.

पलीकडं एक खोलगट जागा होती, पावसाचं पाणी साठून वाळलेली. अशा जागेला इथं रौदा म्हणतात. तळाला भेगाळलेल्या चिखलाच्या पापड्या, कडेनं काटेरी झुडपं. आणि मधोमध गैमा. सशावर बसलेली, दोन्ही पंख पसरून त्याला झाकलेलं. आणि तिच्यासमोर, आमच्या गावाकडच्या ओसरीच्या रुंदीएवढ्या अंतरावर, कोल्हा.

ओरडलो तर गैमा बिथरून उठणार आणि मावळतीला कुठल्या कुठं जाणार. गप्प राहिलो तर एक झेप, की खलास.

"बोल," बाबा कुजबुजले.

मी बोललो. कोल्हा म्हटल्यावर त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली, पण ते उठले नाहीत.

"उभा आहे का बसलाय?"

"बसलाय."

"कान?"

"पुढं. ताठ."

"शेपूट?"

"पायांभोवती गुंडाळलीय."

"मग घाई नाही त्याला. बघतोय कुणाकडं? पक्ष्याकडं की सशाकडं?"

मी डोळे बारीक करून बघितलं. "सशाकडं, बाबा. आणि..." उन्हाची तिरीप त्याच्या पोटाखालून येत होती. "आचळं भरलीत. मादी आहे. पिल्लं असणार तिला."

बाबांची बोटं माझ्या दंडावर सैल झाली. खाली दोघी समोरासमोर होत्या. गैमाची चोच उघडी, मानेवरची पिसं उभी. कोल्हीण शांत, फक्त तिच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या. तिला भूक होती, हे इतक्या लांबून माझ्यासारख्यालाही दिसत होतं. तरी ती झेपावत नव्हती, आणि गैमा शिकार सोडत नव्हती. कुठलाच आवाज नव्हता, वारासुद्धा पडला होता. मी देवळात खूप वेळा उभा राहिलोय, पण तिथं माझ्या मनात सतत काहीतरी मागणं असतं. त्या खडकावर मला काहीच मागायचं सुचलं नाही. त्या दोघींच्या मध्ये जे काही चाललं होतं त्यात मला कुणी विचारत नव्हतं, आणि तरी ते बघायला मी तिथं होतो, याचंच मला नवल वाटत होतं.

"मी जातो," बाबा म्हणाले. "तू मागं ये आणि मला आवाज दे. शुई शुई." म्हणजे हळूहळू.

आणि तो म्हातारा माणूस, ज्याच्यासमोर अख्खं घर उभं राहतं, गुडघ्यांवर आला आणि खाली उतरायला लागला. मीही मागोमाग, रांगत. "डावीकडं, बाबा. अजून थोडं. दगड आहे पुढं. आता सरळ." ते पुढं सरकत आणि मध्ये मध्ये गैमाला त्यांची ती खास हाक घालत, घशातून, लहान बाळाला झोपवताना काढावी तशी. कोल्हीण उठली.

"उठली, बाबा."

ते जागच्या जागी थिजले. "गेली?"

"नाही. बाजूला झाली. परत बसली."

तिनं आम्हाला वाट दिली होती, याला दुसरा शब्द माझ्याकडं नाही. बाबांनी हातमोज्यात मांसाचा तुकडा धरून पुढं केला. गैमानं मान वाकडी करून त्यांच्याकडं बघितलं, मग एक पाय उचलून हातावर ठेवला, मग दुसरा. टोपी चढली. बाबांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की माझेच डोळे भरून आले. मग त्यांनी चाचपून ससा शोधला, चाकू काढला, पुढचा एक पाय कापून गैमासाठी घेतला, आणि उरलेला सबंध ससा होता तिथंच ठेवून दिला.

आम्ही पाठ न दाखवता तसेच मागं सरकत कडेपर्यंत आलो. कोल्हीण आली. सशाचा वास घेतला, त्याला मध्यावर धरून उचललं, जड झाला म्हणून एकदा खाली ठेवून परत नीट धरलं. हे सगळं मी कुजबुजत सांगत होतो. मग ती समोरचा चढ चढून वर गेली, आणि तिथं थांबून तिनं मागं वळून बघितलं. माझ्याकडं की बाबांकडं, मी आजही सांगू शकत नाही. त्या वेळी तर माझा आवाजच फुटला नाही. मग ती पलीकडं उतरली.

मी वळलो तर मागं, खडकाच्या माथ्यावर, राशिद उभा. हातात बीप बीप करणारा रिसीव्हर. बाबांच्या गुडघ्यांना माती लागलेली, त्यांचा हात माझ्या खांद्यावर, आणि मी नुकताच म्हणालेलो, "जपून बाबा, इथं पायरी आहे."

"कधीपासून?" त्यानं मला विचारलं.

मी मान खाली घातली. उत्तर बाबांनी दिलं. "मागच्या उन्हाळ्यापासून."

राशिद खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं खिशातून आपला हातमोजा काढून चढवला आणि हात पुढं केला. मला वाटलं बाबा भांडतील, निदान काही म्हणतील. त्यांनी गैमाला मुलाच्या हातावर जाऊ दिलं. पण त्यांचा स्वतःचा हात खाली गेला नाही. तो तसाच कोपरात वाकलेला, छातीपुढं धरलेला राहिला. माझ्यानं ते बघवेना. काय बिघडलं असतं रे अजून थोडे दिवस, असं राशिदला म्हणावंसं वाटलं. पण नोकर माणूस मी, बोलणार काय?

बाबा तिथंच दगडावर टेकले. "तू बघितलंस ना तिला?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त तुम्हाला बघितलं," राशिद म्हणाला. "गुडघ्यांवर. आणखी कोण होतं तिथं?"

"दत्ता, सांग त्याला."

मी सुरुवात केली, पण जमेना. हिंदी अडखळायला लागलं, शब्द मागं-पुढं झाले. तेव्हा बाबांनीच सांगायला घेतलं, अरबीत, सावकाश. मला सगळं कळत नव्हतं, पण त्यांचे हात कळत होते. कान असे, पुढं. शेपूट अशी, पायांभोवती. पोटाखालून ऊन. गैमाची उघडी चोच. ससा एकदा खाली ठेवला आणि परत उचलला. मग ते हिंदीत आले, बहुतेक माझ्यासाठी. "आणि वर गेल्यावर थांबली. मागं वळून बघितलं तिनं."

मी चमकलो. "बाबा, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"तिच्या पायांखालचे खडे घरंगळायचा आवाज थांबला," ते म्हणाले. "आणि तुझा श्वास थांबला. नुसती गेली असती तर तू श्वास कशाला थांबवला असतास? तिनं बघितलंच असणार."

राशिद ऐकत होता. रिसीव्हर अजून बीप बीप करत होता, तो त्यानं बंद केला. मग त्यानं गैमाची दोरी आपल्या बोटांतून सोडवली, बाबांच्या त्या वर धरलेल्या हाताशी आपला हात नेला, आणि गैमा चालत पलीकडं गेली. रिसीव्हर त्यानं माझ्या हातात दिला, आणि आमच्याकडं पाठ करून थोडा बाजूला जाऊन उभा राहिला.

बाबा गैमाच्या पाठीवरून बोट फिरवत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "दत्ता, राशिदचा चेहरा कसा आहे?"

मी तिकडं बघितलं. राशिदला ते ऐकू गेलं होतं. तो वळला, गाल ओले झालेले, आणि सांगू नको म्हणून त्यानं माझ्याकडं बघत मान हलवली.

मी सांगितलं.